जड इंजिन म्हणजे दणकट इंजिन का?

*सर, नमस्कार. मी इंदूरची, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजची टीम पहिल्यांदाच फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेच्या नियमांप्रमाणे एका सीटची रेसिंग गाडी बनवते आहे आणि इंजिन निवडायचं काम माझ्याकडे आलंय. टीममध्ये दोन तट पडलेत. अर्ध्यांना बाइकचं ६०० सीसी चार सिलिंडर इंजिन हवंय, अर्ध्यांना केटीएम ३९० बाइकचं सिंगल, म्हणजे एकाच सिलिंडरचं. त्यात माझा मामा जुन्या मारुती ८०० चं इंजिन फुकट द्यायला तयार आहे. बाबा पीथमपूरला डिझेल इंजिनांच्या कारखान्यात कितीतरी वर्षं आहेत. ते म्हणतात, "इंजिनात वजनच नसेल तर ते टिकणार कसं? हलकं इंजिन म्हणजे खेळणं." मी त्यांना बुगाटी वेरॉनच्या इंजिनाचं ४०० किलो आणि टी.५० या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचं १७८ किलो असे आकडे दाखवले, तर म्हणाले, "बघ, जगातल्या सगळ्यात वेगवान गाडीलासुद्धा जडच इंजिन लागलं." शब्दाला शब्द वाढला. आता घरी जेवताना हा विषय कोणी काढत नाही. स्पोर्ट्स कारचं इंजिन नेमकं किती वजनाचं असतं, एवढा फरक का पडतो, आणि मी बाबांना काय सांगू? – ऋतुजा (नाव बदललं आहे)*

प्रिय ऋतुजा,

आधी सरळ उत्तर देतो. रस्त्यावर चालणाऱ्या बहुतेक स्पोर्ट्स कारचं इंजिन १५० ते ३०० किलोंच्या दरम्यान भरतं. मर्सिडीज-एएमजीचं एम१३९ हे दोन लिटरचं, चार सिलिंडरचं टर्बो इंजिन सुमारे १६० किलोंचं आहे आणि ४२१ पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) देतं. त्याच घराण्यातलं चार लिटरचं व्ही८, एम१७८, २०९ किलोंचं. निस्सान जीटी-आरचं ३.८ लिटरचं व्ही६ जातं २७६ किलोंवर. या पट्ट्याच्या बाहेरची टोकंही आहेत. बुगाटी वेरॉनचं सोळा सिलिंडरचं इंजिन ४०० किलोंच्या घरात आहे. दुसऱ्या टोकाला कोनिगसेगने २०२० मध्ये जेमेरा गाडीसाठी दाखवलेलं तीन सिलिंडरचं इंजिन फक्त ७० किलोंचं होतं, आणि त्यातून ६०० हॉर्सपॉवर निघते असं कंपनीने सांगितलं. जड आणि हलक्यात जवळपास सहापट फरक आहे, आणि या यादीतलं एकही इंजिन खेळणं नाही.

पण आकड्यांची तुलना करण्याआधी एक सवय लावून घे. इंजिनाचं वजन कुठेही वाचलंस की पहिला प्रश्न विचार: काट्यावर काय काय ठेवलं होतं? नुसतं ब्लॉक (मुख्य सांगाडा), हेड (सिलिंडरांवरचं झाकण) आणि क्रँक (पिस्टनची वरखाली चाल फिरतीत बदलणारा दांडा) जोडलेलं इंजिन, की त्यावर ऑल्टरनेटर, स्टार्टर, एसीचा कॉम्प्रेसरही? फ्लायव्हील आणि क्लच धरलाय का? आत तेल होतं का? एवढ्या सामानानेच ४०-५० किलोंचा फरक सहज पडतो. टर्बो इंजिनात तर गंमतच असते. सिलिंडरात जास्त हवा कोंबणारा टर्बो धरलेला असतो, पण त्याच्यासाठी लागणारा इंटरकूलर (ती हवा थंड करणारा), त्याचे पाइप, वाढीव रेडिएटर हे सगळं गाडीच्या खात्यावर जातं आणि इंजिन कागदावर सडपातळ दिसतं. वेरॉनमध्ये दहा रेडिएटर आहेत. ते त्या ४०० किलोंत नाहीत. जर्मन कंपन्या डीआयएन ७००२० या मानकाप्रमाणे वजन देतात, त्यामुळे निदान त्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवता येतात. फोरमवर कुणीतरी इंजिन दोरीला टांगून घेतलेलं वजन आणि कंपनीच्या पत्रकातलं वजन एका तक्त्यात टाकू नकोस. आणि बाइकचं इंजिन असेल तर लक्षात ठेव, त्याच्या वजनात गिअरबॉक्स आलेला असतो. कारच्या इंजिनात तो नसतो.

आता वजन येतं कुठून ते पाहू, कारण तुझ्या आणि बाबांच्या भांडणाची उकल तिथेच आहे.

इंजिनाच्या आत दोन मोठे भार असतात. पहिला ज्वलनाचा. ९० मिलिमीटर बोअरचा, म्हणजे आतल्या व्यासाचा, सिलिंडर घे आणि ज्वलनाचा सर्वोच्च दाब १०० बार धर. पिस्टनच्या माथ्यावर तेव्हा साडेसहा टनांच्या आसपास जोर येतो. तो जोर पिस्टनला खाली रेटतो आणि तेवढाच हेडला वर रेटतो. पिस्टनचा जोर रॉडमधून क्रँकवर, क्रँकमधून मेन बेअरिंगवर जातो. हेडचा जोर बोल्टमधून ब्लॉकवर येतो. म्हणजे हेड आणि क्रँक यांना एकमेकांपासून तोडायला निघालेला साडेसहा टनांचा ताण मधल्या ब्लॉकला धरून ठेवायचा असतो. ८,००० आरपीएमला (मिनिटाला ८,००० फेरे) हे एकेका सिलिंडरमध्ये सेकंदाला ६६-६७ वेळा होतं. डिझेलमध्ये हाच दाब १८०-२०० बारपर्यंत जातो. बाबांच्या हाताखालून जाणारे ब्लॉक जाड का असतात, याचं निम्मं उत्तर या एका आकड्यात आहे.

दुसरा भार जडत्वाचा. पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. ८० मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची वरपासून खालपर्यंतची चाल) आणि ८,००० आरपीएम धरलं तर वरच्या टोकाला पिस्टनचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या साडेतीन हजार पटींच्या वर जातं. रिंगा आणि पिन धरून ४०० ग्रॅमचा पिस्टन त्या क्षणी कनेक्टिंग रॉडला जवळपास दीड टनाच्या जोराने खेचतो. हा भार आरपीएमच्या वर्गाने वाढतो. फेरे दुप्पट झाले की जोर चौपट. हे गणित तू स्वतः कागदावर कर, दहा मिनिटांचं काम आहे, आणि बाबांसमोर बसून कर.

यातून रेसिंगवाल्यांची एक साखळी तयार होते. पिस्टन काही ग्रॅमने हलका झाला की रॉड बारीक करता येतो. रॉड हलका झाला की क्रँकवरचे काउंटरवेट कमी होतात. क्रँक हलका, तर बेअरिंग अरुंद. बेअरिंग अरुंद, तर ब्लॉकची लांबी कमी. पिस्टनवर वाचवलेला ग्रॅम खाली येईपर्यंत कितीतरी ग्रॅम घेऊन येतो. उलटही तितकंच खरं आहे: वरच्या बाजूला एक भाग जाड केला की खालचं सगळं फुगत जातं. टायटॅनियमचे रॉड, पोकळ कॅमशाफ्ट, आखूड पिस्टन यांच्यावर एवढा पैसा ओततात तो या साखळीसाठी.

मग धातू. बीड (कास्ट आयर्न) एका घनसेंटिमीटरला ७.२ ग्रॅम, अॅल्युमिनियम २.७, मॅग्नेशियम १.७४, टायटॅनियम ४.५. नुसता हा तक्ता पाहिला तर वाटतं, ब्लॉक अॅल्युमिनियमचा केला की वजन जवळपास एक तृतीयांशावर येईल. येत नाही. अॅल्युमिनियम बीडापेक्षा लवचिक आहे आणि तापल्यावर त्याची ताकद लवकर उतरते, म्हणून भिंती जाड कराव्या लागतात, फासळ्या घालाव्या लागतात, आणि प्रत्यक्षात साधारण निम्म्यावर भागतं. शिवाय नुसत्या अॅल्युमिनियमवर पिस्टन रिंग घासली तर ते टिकत नाही. त्याला बीडाचा लायनर लागतो किंवा काहीतरी कठीण मुलामा. जीटी-आरमध्ये निस्सानने लायनर काढून टाकले आणि सिलिंडरच्या भिंतीवर प्लाझ्माने वितळलेल्या लोखंडाचा ०.१५ मिलिमीटरचा थर फवारला. वाचले सुमारे ३ किलो. तीन किलोंसाठी एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल, पण पातळ थरातून उष्णताही लवकर बाहेर जाते. वजन कमी करण्याच्या चांगल्या युक्त्या बहुतेक वेळा अशाच, दुसरंही काहीतरी देऊन जातात.

मॅग्नेशियमची गोष्ट बाबांना आवडेल. बीएमडब्ल्यूने २००४ च्या सुमारास एन५२ हे सहा सिलिंडरचं इंजिन काढलं. सिलिंडर आणि पाण्याचे मार्ग अॅल्युमिनियमच्या आतल्या गाभ्यात, आणि बाहेरचं कवच मॅग्नेशियमचं, कारण मॅग्नेशियमला कूलंट लागला की ते गंजतं. वजन फक्त १६१ किलो. सहा सिलिंडरच्या इंजिनासाठी हा फार सुंदर आकडा होता. पण पुढे २००६ मध्ये त्याच कंपनीने टर्बोचं एन५४ आणलं, तेव्हा मॅग्नेशियम सोडून पुन्हा अॅल्युमिनियमचा ब्लॉक आणि बीडाचे लायनर घेतले. टर्बोमुळे दाब वाढला, भार वाढला, वजन परत आलं. बाबा म्हणतात त्यात तथ्य आहे ते इथे.

आता तुझ्या दोन आकड्यांकडे येतो, ४०० आणि १७८.

वेरॉनच्या इंजिनाची पॉवर १००१ पीएस आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १२५० न्यूटन-मीटर. टी.५० चं इंजिन ब्रिटनच्या कॉसवर्थने गॉर्डन मरी यांच्यासाठी बनवलेलं चार लिटरचं व्ही१२. पॉवर ६६३ पीएस, टॉर्क ४६७ न्यूटन-मीटर, आणि ते १२,१०० आरपीएमपर्यंत फिरतं. याच मरींनी १९९० च्या दशकात मॅक्लारेन एफ१ ही गाडी केली होती. तिच्यासाठी त्यांनी बीएमडब्ल्यूकडे २५० किलोंच्या आतलं इंजिन मागितलं होतं. मिळालं ते ६.१ लिटरचं व्ही१२, २६६ किलोंचं, पण ६२७ पीएसचं; मागणीपेक्षा सोळा किलो जड आणि मागणीपेक्षा बरंच ताकदवान. तीसएक वर्षांत एकाच माणसाच्या दोन गाड्या, दोन्ही व्ही१२, दोन्हींची पॉवर जवळपास सारखी, आणि वजनात ८८ किलोंचा फरक. मला वाटतं, इंजिनाच्या वजनावर शिकवायला यापेक्षा चांगली जोडी सापडणार नाही.

हे ८८ किलो गेले कुठे? एफ१ चा स्ट्रोक ८७ मिलिमीटर होता, टी.५० चा ६३.८. स्ट्रोक आखूड झाला की क्रँकचा फेरा लहान होतो, क्रँककेस लहान होतो, ब्लॉक बुटका होतो. टी.५० चा क्रँकशाफ्ट बारा सिलिंडरचा असून १३ किलोंचा आहे. एफ१ मध्ये टॉर्क ६५० न्यूटन-मीटर होता, टी.५० मध्ये ४६७. दर ज्वलनाचा दणका छोटा, पण दणके जास्त वेळा. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. एफ१ ने टॉर्क मोठा ठेवला, टी.५० ने फेरे वाढवले.

आता एक भागाकार कर. वजनाला पॉवरने न भागता टॉर्कने भाग. टी.५०: १७८ भागिले ४६७, म्हणजे ०.३८ किलो प्रति न्यूटन-मीटर. मॅक्लारेन एफ१: ०.४१. वेरॉन: ०.३२. आणि आता बाबांच्या बाजूचं एक इंजिन घे: लांब पल्ल्याच्या ट्रकचं १३ लिटरचं डिझेल, ५०० हॉर्सपॉवरचं, २५०० न्यूटन-मीटर टॉर्कचं. त्याचं वजन एक टनाहून जास्त असतं. भागाकार येतो ०.४ च्या थोडा वर.

हे नीट बघ. पॉवरने भागलं तर ट्रकचं इंजिन टी.५० च्या कितीतरी पट जड दिसतं. टॉर्कने भागलं तर दोघं शेजारी येऊन बसतात. इंजिनाचं वजन बव्हंशी टॉर्कच्या मागे चालतं, कारण धातूला जो मार सोसायचा असतो तो एकेका ज्वलनाचा असतो; पॉवर वाढवायचा दुसरा रस्ता, फेरे वाढवण्याचा, वजन फारसं न वाढवता मोकळा असतो. फक्त तो रस्ता महाग आहे आणि आयुष्य खातो. हा भागाकार काही निसर्गनियम नाही. टर्बोचा जोर खूप वाढवला तर तो बराच खाली येतो. कोनिगसेगचं छोटं इंजिन तसंच आहे. पण घरात बाबांसमोर ठेवायला पुरेसा पक्का आहे.

राहिलं आयुष्य. ट्रकच्या इंजिनाने दहा लाख किलोमीटर चालावं अशी अपेक्षा असते. सरासरी ताशी ५० किलोमीटर धरलं तरी ते २०,००० तास झाले, त्यातला मोठा भाग भरलेल्या ट्रकसह घाट चढण्यात. त्यात बीड स्वस्त, झिजेला चिवट, आवाज आणि थरथर गिळणारं. अशा कामाला बीडाऐवजी दुसरं काही निवडणाऱ्या माणसाला मी कामावरून काढीन. टी.५० च्या मालकाला २०,००० तास नकोच आहेत. त्या गाड्या शंभरच बनल्या, किंमत कर सोडून २३ लाख ६० हजार पौंड. अॅस्टन मार्टिन वाल्किरीचं ६.५ लिटरचं व्ही१२ हेही कॉसवर्थचंच, २०६ किलोंत १००० ब्रेक हॉर्सपॉवर. त्याचा क्रँकशाफ्ट पोलादाच्या घन कांडीतून कोरून काढतात, कांडीचा ८० टक्के भाग चुरा होऊन जातो आणि एक क्रँक पूर्ण व्हायला सहा महिने लागतात. पीथमपूरच्या लाइनवर सहा महिन्यांत एक क्रँक असं काम चालू केलं तर कारखान्याला त्याच दिवशी कुलूप लागेल.

फॉर्म्युला वनमध्ये हे टोक इतकं गाठलं गेलं की नियम करून थांबवावं लागलं. २००६ मध्ये २.४ लिटरचं व्ही८ आलं तेव्हा ९५ किलोंपेक्षा हलकं इंजिन चालणार नाही असं ठरलं, नाहीतर संघ एकेका किलोसाठी दिवाळं काढत होते.

आणि बाबांचा तो मुद्दा, जगातल्या वेगवान गाडीलाही जडच इंजिन लागलं. बरोबर आहे, पण कशासाठी लागलं ते बघ. आपल्या पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, २०२१ मध्ये सुरू झालेला. तशा लंबवर्तुळावर एक वेग धरून गाडी पळवली की लढाई हवेशी असते. हवेला कापायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट तर पॉवर आठपट. गाडीचं वजन तिथे दुय्यम. वेरॉन २००५ मध्ये ताशी ४०७ किलोमीटरला पोचली ती १००१ पीएसच्या जोरावर, आणि गाडी स्वतः १,८८८ किलोंची आहे. त्या कामाला ४०० किलोंचं इंजिन चालतं. तुमची गाडी मात्र शंकूंच्या मधून वळत जाणार. तिथे दर काही सेकंदांनी ब्रेक, वळण, पुन्हा वेग. तिथे प्रत्येक किलो तीनदा आडवा येतो: थांबवताना, वळवताना, पळवताना. वळणात तर टायरचा स्वभावच वजनाच्या विरुद्ध आहे. टायरवरचा भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच राहते. जड गाडी त्याच टायरवर त्याच वळणात हळू जाते.

आता निवड. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या गाडीला ३९० चं सिंगल घ्या.

तुमच्या नियमात ७१० सीसीची मर्यादा आहे आणि पेट्रोल इंजिनाच्या इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेण्याच्या वाटेत, २० मिलिमीटरचा रेस्ट्रिक्टर (वाट अरुंद करणारा गळा) बसवावा लागतो. त्या बारीक गळ्यातून हवा आवाजाच्या वेगाला पोचली की त्यापुढे कितीही ओढलं तरी जास्त हवा येत नाही. ६०० सीसीच्या इंजिनाची वरची मिजास तिथेच छाटली जाते. तरीही त्याची पॉवर सिंगलपेक्षा बरीच जास्त राहते, हे मान्य करून चला. ७५ मीटरच्या सरळ धावेत तुम्ही मागे पडाल. पण ३९० चं जुनं ३७३ सीसीचं इंजिन ४३.५ पीएसचं आहे आणि गिअरबॉक्स धरून ३६-३७ किलोंच्या आसपास बसतं. चार सिलिंडरचं त्यापेक्षा वीसएक किलोंनी जड. आणि ते वीस किलो एकटे येत नाहीत. चार एक्झॉस्ट पाइप, मोठा रेडिएटर, जास्त पेट्रोल, जाड चेन, ते सगळं धरायला जाड फ्रेम. वर सांगितलेली साखळी इथेही चालते, फक्त उलट्या दिशेने.

सगळ्यात मोठं कारण वजनाचं नाहीच. ३९० चे सुटे भाग इंदुरात मिळतात, ते उघडणारे हात मिळतात. २२ किलोमीटरच्या एन्ड्युरन्स (गाडीचा टिकाव पाहणाऱ्या) फेरीला सर्वाधिक गुण असतात आणि पहिल्या वर्षीच्या कितीतरी गाड्या ती पूर्णच करत नाहीत. कुठलातरी गळका होज, निसटलेला सेन्सर, तापलेलं इंजिन. चार सिलिंडरवाल्या मित्रांना सांग, "भिया, आधी गाडी रेषेपर्यंत आणू, आवाज पुढच्या वर्षी." एक मात्र खरं आहे: एकाच सिलिंडरचं इंजिन थरथरतं फार. माउंट (इंजिन फ्रेमला धरून ठेवणारे आधार), ब्रॅकेट, वायरिंगच्या पट्ट्या, सगळं त्या थरथरीला टिकलं पाहिजे. बोल्ट ढिले होतील, वेल्डला चीर जाईल.

आणि इथे तुला बाबा लागणार आहेत. तू त्यांच्यापुढे आकड्यांचा तक्ता ठेवलास, म्हणजे तू त्यांना हरवायला बसलीस असं त्यांना वाटलं. तुझा तसा हेतू नव्हता, पण इतकी वर्षं ज्यांनी बीडाचे ब्लॉक हाताळले त्यांना पोरगी येऊन सांगते की वजन म्हणजे अडाणीपणा, हे झोंबणारच. उद्या त्यांना एक प्रश्न विचार: "बाबा, हे इंजिन एकूण किती तास चालवायचंय असं धरून डिझाइन करू?" हा त्यांचा रोजचा प्रश्न आहे. तुमच्या गाडीचं उत्तर सराव धरून काही डझन तास असं येईल, आणि मग हलक्या इंजिनाचा निर्णय ते स्वतःच तुझ्याआधी घेतील. त्यानंतर माउंटचं रेखाटन त्यांच्यापुढे ठेव. चीर कुठून सुरू होते, बोल्ट कुठल्या क्रमाने आवळायचे, टॉर्क रेंच कधी खोटं बोलतो, हे डोळ्यांनी ओळखणारा माणूस तुमच्या टीममध्ये दुसरा नाही. त्यांच्या मताचा हा मानभावी उपयोग नाही. तुमची गाडी एन्ड्युरन्स पूर्ण करेल की नाही हे माउंटवर ठरणार आहे.

राहता राहिलं मामांचं इंजिन. मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं आहे, त्यामुळे नियमातच बसत नाही, आणि मामांना तेवढंच सांग म्हणजे त्यांचंही मन दुखणार नाही. पण ते इंजिन घे. गाडीसाठी नको, उघडण्यासाठी घे. एखाद्या रविवारी बाबांबरोबर ते पूर्ण खोल आणि प्रत्येक भाग तोल: पिस्टन, पिन, रॉड, क्रँक, फ्लायव्हील, हेड, ब्लॉक, मॅनिफोल्ड, स्टार्टर. पिस्टन आणि रॉडसाठी घरातला ग्रॅमचा काटा चालेल. ब्लॉकसाठी सियागंजातल्या एखाद्या ठोक दुकानदाराकडे प्लॅटफॉर्म काटा माग. धर्मकाट्यावर नेऊ नकोस, तो पाच-दहा किलोंच्या टप्प्यांनी सरकतो आणि तुला ग्रॅम हवेत. कॉलेजात इंजिनाच्या वजनावर बोलायची वेळ आली तर परदेशी गाड्यांच्या आकड्यांआधी हा स्वतः तोललेला तक्ता लाव, आणि प्रत्येक आकड्यापुढे त्यात काय धरलं आणि काय नाही ते लिही.

हेड काढण्याआधी बोल्ट बाहेरून आतल्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत सैल करा, नाहीतर हेड वाकेल. जुनं गॅस्केट खरवडताना डोळ्यांवर चष्मा असू दे. आतलं काळं तेल नालीत ओतू नका. डब्यात भरून, झाकण लावून गॅरेजवाल्याकडे जमा करा.